एकट्याने शहर बघायला निघालात? स्वस्त हॉस्टेल निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकट्याने एखादं शहर बघायला जायचं ठरलं की तिकिटानंतर खिशाला सगळ्यात जास्त चाट लावतं ते राहणं. हॉस्टेलमुळे तो खर्च बराच खाली येतो. पण नुसता दर बघून बेड घेतला, तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातात आणि दुसरा दिवस जांभया देण्यात. माझं मत आधीच सांगून टाकते: जागा आणि झोप, या दोन बाबतींत काटकसर करू नका. बाकी सगळीकडे खुशाल करा. खालची उत्तरं याच हिशेबाने दिली आहेत.

हॉस्टेल म्हणजे कॉलेजचं वसतिगृह का? विद्यार्थी नसलो तरी चालतं?

चालतं. प्रवाशांच्या हॉस्टेलचा विद्यार्थी असण्याशी आता फारसा संबंध उरलेला नाही. सुरुवात मात्र शाळेपासूनच झाली. रिचर्ड शिरमन नावाचे जर्मन शिक्षक १९०९ मध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळी पावसाने गाठलं आणि सगळ्यांनी एका गावच्या शाळेत रात्र काढली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांमध्ये प्रवासी मुलांची अशी सोय का करू नये, हा विचार त्यांना तिथे सुचला. पुढे १९१२ मध्ये जर्मनीतल्या आल्टेना इथल्या किल्ल्यात पहिलं कायमस्वरूपी युवा हॉस्टेल सुरू झालं. आज ‘हॉस्टेलिंग इंटरनॅशनल’ या नावाने जी संघटना आहे, ती याच चळवळीतून उभी राहिली.

तेव्हाची मूळ कल्पना अजून टिकून आहे. इथे खोली भाड्याने घ्यायची नसते, बेड घ्यायचा असतो. खोलीत चार ते वीस बेड, बाथरूम सामाईक, बसायला कॉमन रूम आणि बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना वापरता येणारं स्वयंपाकघर.

स्वस्त हॉटेल मिळत असेल तर हॉस्टेल कशाला?

हॉटेलची खोली बहुधा दोघांच्या हिशेबाने ठरवलेली असते. तुम्ही एकटे राहिलात तरी भाडं जवळजवळ तेवढंच भरता. हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये, म्हणजे अनेक बेडच्या सामाईक खोलीत, मात्र माणशी बेडचे पैसे, म्हणजे एकट्या प्रवाशाला ‘एकटेपणाचा दंड’ बसत नाही. दोघं असाल तर हिशेब लगेच बदलतो. दोन बेडांची बेरीज करून बघा, कित्येकदा साधी खोली तेवढ्यातच मिळते.

दुसरं कारण माणसांचं. अनोळखी शहरात ‘अमुक ठिकाणी सकाळी लवकर गेलं तर रांग नसते’ हे सांगणारं कोणीतरी नाश्त्याच्या टेबलावर भेटतं. ती माहिती काल-परवाची, ताजी असते.

पण तुमची झोप फार सावध असेल, किंवा सध्या कोणाशीही बोलायची इच्छा नसेल, तर हट्टाने डॉर्म घेऊ नका. बहुतेक हॉस्टेलांत खासगी खोल्याही असतात. कॉमन रूमचा फायदा मिळतो आणि रात्री दार लावून झोपता येतं.

किती बेडचा डॉर्म घ्यावा?

लोक डोळे झाकून ‘जितके कमी बेड तितकं चांगलं’ असं धरतात. ते अर्धंच खरं आहे. चार बेडच्या खोलीत तिघं मित्र एकत्र आलेले असतील, तर तुम्ही त्यांच्या खोलीतले पाहुणे होऊन बसता. शिवाय लहान खोलीत एकच माणूस घोरत असला तरी सुटका नसते. उलट बारा-सोळा बेडच्या खोलीत कोणी ना कोणी पहाटे चारला विमान पकडायला उठतंच.

मला सहा बेडचा डॉर्म सगळ्यात बरा वाटतो. पण बेडच्या संख्येपेक्षा बेड कसा आहे ते जास्त महत्त्वाचं. फोटो मोठा करून बघा. बेडला पडदा आहे का? तिन्ही बाजूंनी फळी आहे की नुसत्या लोखंडी नळ्या? पडदा, स्वतःचा दिवा, स्वतःचा प्लग आणि फोन-चष्मा ठेवायला छोटी फळी, एवढं असलं की दहा जणांची खोलीसुद्धा सुसह्य होते. पडदा नसलेल्या चार बेडच्या खोलीपेक्षा मी अशी दहाची खोली घेईन.

काही ठिकाणी ‘पॉड’ किंवा ‘कॅप्सूल’ असा शब्द दिसेल. ही कल्पना जपानची. किशो कुरोकावा या वास्तुरचनाकाराने आखलेलं पहिलं कॅप्सूल हॉटेल १९७९ मध्ये ओसाकात उघडलं. आज हॉस्टेलवाले मात्र हा शब्द सैलपणे वापरतात. कुठे खरोखरची बंदिस्त कप्प्यासारखी जागा असते, तर कुठे साध्या बंक बेडला (एकावर एक असलेल्या बेडला) लाकडी फळ्या ठोकलेल्या. हवा खेळती आहे का, हे पॉडच्या रिव्ह्यूंमध्ये आवर्जून शोधा. बंद कप्प्यात उकाडा साचतो.

खालचा बेड की वरचा?

खालचा, जमलं तर. रात्री बाथरूमला जाताना शिडी उतरावी लागत नाही आणि सॅक हाताशी राहते. वरच्या बेडचा एक फायदा आहे: तुमच्या बेडवर कोणी येऊन बसत नाही. गुडघे दुखत असतील किंवा झोपेत कूस बदलायची जास्त सवय असेल, तर बुकिंगनंतर लगेच ‘खालचा बेड मिळेल का’ असा साधा मेसेज टाका. खात्री कोणी देत नाही, पण आधी विचारणाऱ्याला बहुधा मिळतो.

एकटी बाई म्हणून हॉस्टेल सुरक्षित आहे का? महिला डॉर्मच घ्यावा का?

पहिल्यांदा जाताना महिला डॉर्म घ्या, असं मी सांगेन. मिश्र डॉर्म म्हणजे धोका, असं माझं म्हणणं नाही. पण पहिल्या प्रवासात आधीच शंभर गोष्टी नव्या असतात, त्यात रात्री कपडे कुठे बदलायचे हा विचार तरी नको. दर थोडा जास्त असला तरी तो फरक द्यावा.

‘महिला डॉर्म’ एवढं वाचून मात्र थांबू नका. बाथरूम खोलीतच आहे, की सामाईक बोळ ओलांडून मिश्र बाथरूमकडे जावं लागतं? खोलीचं दार कार्डाने उघडतं की साध्या किल्लीने, जी मागच्या पाहुण्यानेही वापरली होती? रात्री रिसेप्शनवर माणूस असतो का? ही तिन्ही उत्तरं हॉस्टेलला एका मेसेजमध्ये विचारता येतात. त्यांनी कसं उत्तर दिलं, यावरूनही बरंच कळतं. नीट, मुद्द्याला धरून उत्तर देणारे लोक रात्री अडचण आली तरी बहुतेक तसेच वागतात.

आणखी एक. खोलीत कोणाची नजर, बोलणं किंवा वागणं खटकलं तर सरळ रिसेप्शनवर जाऊन खोली बदलून मागा. कारण सिद्ध करायची गरज नाही. ‘मला तिथे बरं वाटत नाहीये’ एवढं पुरेसं आहे. चांगल्या हॉस्टेलात त्यावर वाद घालत नाहीत. बुकिंग साइटवर एकट्या महिलांचे रिव्ह्यू वेगळे काढता येत असतील तर ते आधी वाचा.

वय चाळिशीच्या पुढे आहे. विचित्र दिसेल का?

नाही. निवृत्त माणसंही डॉर्ममध्ये भेटतात. काही हॉस्टेलं मात्र डॉर्मसाठी वयाची वरची मर्यादा ठेवतात, आणि ती नियमांच्या यादीत अगदी खाली लिहिलेली असते. १८ वर्षांखालच्यांना डॉर्ममध्ये न घेणारी ठिकाणं तर बरीच आहेत. पैसे भरण्याआधी ‘हाऊस रूल्स’ उघडून वयाची ओळ तेवढी शोधा. ‘पार्टी’ हा शब्द वर्णनात असेल तर तिथे वय आड आलं नाही तरी झोप येणार नाही.

जागा कशी निवडायची? शहराच्या मध्यभागीच हवं का?

सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नावर घालवा.

‘मध्यभागापासून ३ किलोमीटर’ असं साइटवर लिहिलेलं अंतर बऱ्याचदा सरळ रेषेतलं असतं. मध्ये नदी असेल, रेल्वेचे रूळ असतील, टेकडी असेल, तर चालायचं अंतर कुठल्या कुठे जातं. म्हणून नकाशावर स्वतः मार्ग टाका, आणि तीन मार्ग टाका: ज्या स्टेशनवर किंवा विमानतळावर उतरणार तिथून हॉस्टेल, हॉस्टेलपासून तुम्हाला जे बघायचंय त्या भागापर्यंत, आणि रात्री साडेदहाला परत. तिसरा मार्ग लोक विसरतात. दिवसा दर पाच मिनिटांनी येणारी गाडी रात्री अर्ध्या तासाने येते किंवा बंदच होते. नकाशाच्या ॲपमध्ये निघायची वेळ बदलून बघता येते, ते जरूर करा.

मग स्टेशनपासून हॉस्टेलच्या दारापर्यंतचा शेवटचा तुकडा नकाशाच्या ॲपमधल्या रस्त्याच्या फोटोंमध्ये ‘चालून’ बघा. दुकानं आहेत का, रस्त्यावर दिवे आहेत का, फुटपाथ आहे का, की हमरस्त्याखालचा लांबलचक बोगदा आहे? पाठीवर सॅक घेऊन रात्री तिथून जायला मन तयार होतंय का, एवढंच स्वतःला विचारा.

माझ्या मते एकट्याने जाणाऱ्याने ‘मध्यभाग’ हा हट्ट सोडावा आणि मेट्रोच्या किंवा ट्रामच्या ठाण्यापासून दहा मिनिटांच्या आत चालत पोहोचता येईल, असं हॉस्टेल शोधावं. दोन मार्ग जिथे मिळतात, त्या ठाण्याजवळ असेल तर उत्तमच. एक मार्ग बंद पडला तरी अडकत नाही. ऐन मध्यभागी दर चढे असतात आणि खिडकीखाली बारचा गोंगाट.

दूरचं स्वस्त हॉस्टेल घेताना साधी बेरीज करा: बेडचं रात्रीचं भाडं, अधिक रोजचा येण्या-जाण्याचा खर्च, अधिक एखाद्या रात्री टॅक्सी लागली तर ती. वर रोजचा जाणारा वेळ. दोन दिवसांच्या सहलीत दिवसाला दीड तास गाडीत गेला, तर तेवढ्या वेळात एक अख्खं संग्रहालय बघून झालं असतं. बेरजेनंतरही दूरचं स्वस्त पडत असेल तर आनंदाने घ्या, नाहीतर नाकापेक्षा मोती जड.

रात्री उशिरा पोहोचणार आहे. काय बघू?

रिसेप्शन २४ तास आहे का, हे. नसेल तर दाराचा कोड किंवा किल्ली कशी मिळणार ते लेखी विचारून ठेवा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा, कारण उतरल्यावर इंटरनेट चालेलच असं नाही. काही जुन्या पद्धतीच्या हॉस्टेलांत रात्री ठरावीक वेळेनंतर दार बंदच होतं, आणि काही ठिकाणी दुपारी साफसफाईसाठी सगळ्यांना काही तास बाहेर काढतात. दोन्ही गोष्टी नियमांत लिहिलेल्या असतात.

तारखेचा घोळ इथेच होतो. समजा तुमचं विमान १२ तारखेला रात्री एक वाजता उतरतंय. त्या रात्री झोपायला बेड हवा असेल तर बुकिंग ११ तारखेचं हवं. १२ तारखेचं केलंत तर बेड मिळणार १२च्या दुपारी, आणि ती रात्र लॉबीत. ११चं बुकिंग केलं असेल तर ‘मी मध्यरात्रीनंतर येतेय’ हे कळवायचं, नाहीतर आला नाहीत असं समजून बेड दुसऱ्याला दिला जाऊ शकतो आणि पैसेही कापले जातात.

पहाटे पोहोचलो आणि चेक-इन दुपारी असेल तर?

सामान ठेवायची खोली जवळपास सगळीकडे असते. सॅक ठेवा, तोंड धुवा, शहर बघायला निघा. चेकआउटच्या दिवशीही तसंच. ही सोय मोफत आहे की तासावर पैसे घेतात, आणि त्या खोलीला कुलूप असतं की नुसता कोपरा आहे, एवढं विचारा. लॅपटॉप आणि पासपोर्ट तिथे ठेवू नयेत.

रिव्ह्यू शेकड्यांनी असतात. कोणते वाचायचे?

सरासरी गुण बघून फक्त यादी छोटी करा. निर्णय त्यावर घेऊ नका. आधी ‘नवे आधी’ अशी क्रमवारी लावा. दोन वर्षांपूर्वीचं कौतुक आज निरुपयोगी असतं, मध्ये मालक बदलतो, शेजारी बांधकाम सुरू होतं.

मग अगदी वरचे आणि अगदी खालचे गुण बाजूला ठेवून मधल्यांकडे जा. दहापैकी सहा-सात देणारा माणूस सहसा रागावलेलाही नसतो आणि भारावलेलाही नसतो. तो लिहितो: ‘बाथरूम स्वच्छ, पण दोनच, सकाळी आठ ते नऊ रांग.’ या एका ओळीत तुम्हाला हवं ते सगळं आहे. आठच्या आधी आंघोळ करायची असेल तर हॉस्टेल चालेल, नऊला टूर गाठायची असेल तर नाही. ‘स्टाफ खूप छान, मजा आली’ यातून काहीच कळत नाही.

एकच तक्रार वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या लोकांनी केलेली दिसली की ती खरी धरायची. गरम पाणी संपतं, लॉकर तुटलेत, खालचा बार तीनपर्यंत चालतो, अशा गोष्टी एकदाच आल्या तर योगायोग. चोरी आणि ढेकूण यांना मात्र मी एकदा दिसल्यावरही थांबते आणि हॉस्टेलने त्यावर काय उत्तर दिलंय ते वाचते. ‘खोली रिकामी करून फवारणी केली’ असं नेमकं लिहिलंय, की पाहुण्यालाच खोटं ठरवलंय? दुसरं असेल तर पुढचं हॉस्टेल बघा.

आणि लिहिणारा कोण आहे ते बघा. मित्रांच्या टोळीला जे ‘जबरदस्त वातावरण’ वाटतं, ते एकट्या माणसाला रात्री दोनला नकोसं वाटू शकतं.

साइटवर दिसतो तेवढाच दर लागतो का?

क्वचित. चादर बहुतेक ठिकाणी दरातच असते, टॉवेल बहुतेक ठिकाणी नसतो. लॉकर असतो पण कुलूप स्वतःचं आणावं लागतं, नाहीतर काउंटरवर विकत. किल्लीसाठी डिपॉझिट घेतात, ते जाताना परत मागून घ्यायचं असतं. ‘हॉस्टेलिंग इंटरनॅशनल’च्या काही हॉस्टेलांत सभासद नसलेल्यांना थोडे जास्त पैसे पडतात.

मोठा फरक पडतो तो शहराच्या पर्यटक कराने. बऱ्याच युरोपीय शहरांत तो दर रात्री दर माणशी किंवा दराच्या टक्क्यात आकारतात आणि कित्येकदा तिथे पोहोचल्यावर द्यावा लागतो. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून हा कर राहण्याच्या दराच्या १२.५ टक्के आहे. बुकिंगच्या शेवटच्या पानावर ‘कर समाविष्ट’ की ‘कर वेगळा’ हे वाचूनच दोन हॉस्टेलांची तुलना करा.

परदेशात कार्डाने पैसे देताना मशीन विचारतं: स्थानिक चलनात की तुमच्या चलनात? स्थानिक चलनच निवडा. तुमच्या चलनाचा पर्याय घेतला की समोरचा स्वतःचा चढा दर लावतो.

आठवड्याच्या मधल्या दिवसांपेक्षा शुक्रवार-शनिवारी हॉस्टेलांचे दर वर जातात, काही ठिकाणी तर त्या दिवसांत किमान दोन रात्रींची अट असते. तारखा हलवता येत असतील तर रविवार ते गुरुवार जा. खोल्या शांत असतात आणि पैसेही वाचतात.

बुकिंग साइटवरून करावं की थेट हॉस्टेलकडे?

शोध साइटवर, मग त्याच तारखांचा दर हॉस्टेलच्या स्वतःच्या पानावर. दर सारखा असेल तर मी थेट करते, कारण तारीख बदलायची वेळ आली तर मध्ये तिसरा माणूस नसतो. साइटचा फायदा हा की पैशाचा वाद झाला तर तक्रार करायला एक जागा मिळते.

रद्द करायच्या अटी मात्र शब्द न् शब्द वाचा. ‘मोफत रद्द’ची मुदत त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असते, तुमच्या नव्हे. थोड्या पैशांसाठी ‘परतावा नाही’ वाला दर घ्यायचा की नाही, याचं माझं उत्तर: तिकीट आणि व्हिसा हातात असेल तरच.

बुकिंगनंतर ‘कार्ड तपासायचंय, या लिंकवर माहिती भरा, नाहीतर बुकिंग रद्द’ असा मेसेज आला तर भरू नका. तो साइटच्याच चॅटमध्ये, हॉस्टेलच्याच नावाने आला तरी भरू नका. हॉस्टेलचं खातं चोरून असे मेसेज पाठवले जातात. नंबर शोधून थेट फोन करा आणि विचारा.

सगळ्या रात्री आधीच बुक कराव्यात का?

दोन-तीन रात्रींची सहल असेल तर हो. आठवडाभर राहणार असाल आणि गर्दीचा हंगाम नसेल, तर पहिल्या दोन रात्री घ्या आणि आवडलं तर वाढवा. वाढवताना तोच बेड मिळेल असं नाही, खोली बदलावी लागू शकते. मोठं प्रदर्शन, मॅच किंवा उत्सव त्या तारखांना असेल तर सगळंच आधी घ्या. त्या दिवसांत शहरभर बेड संपतात.

व्हिसाच्या अर्जासाठी हॉस्टेलचं बुकिंग चालतं का?

शेंगेन व्हिसासारख्या (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळून एकच असलेल्या व्हिसासारख्या) अर्जांना निवासाचा पुरावा लागतो आणि हॉस्टेलचं पक्कं बुकिंग त्यासाठी देता येतं. कागदावर तुमचं नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच, तारखा आणि हॉस्टेलचा पत्ता स्पष्ट हवा. यासाठी ‘मोफत रद्द’वालं बुकिंगच घ्या.

सामान सुरक्षित राहील का?

लॉकर असला आणि वापरला, तर बहुतेक वेळा राहतं. ‘लॉकर आहे’ एवढ्याने मात्र भागत नाही. कुठे अख्खी सॅक मावणारी बेडखालची पेटी असते, तर कुठे फोन-पाकीट मावेल एवढाच डबा, तोही बोळात. फोटोत माप दिसतं.

कुलूप घरूनच न्या, आकड्यांचं असेल तर किल्ली हरवायची भीती नाही. त्याची वरची कडी बारीक आणि जरा लांब हवी. जाड कडीचं दणकट कुलूप बऱ्याच लॉकरांच्या भोकात शिरतच नाही. कार्डं आणि रोकड दोन ठिकाणी वाटून ठेवा. पासपोर्ट रिसेप्शनवर दाखवायचा, त्यांना फोटो किंवा झेरॉक्स घेऊ द्यायची, कित्येक देशांत पाहुण्यांची नोंद करणं त्यांना कायद्यानेच बंधनकारक असतं. पण किल्लीच्या बदल्यात पासपोर्ट ठेवून घेत असतील तर नकार द्या आणि रोख डिपॉझिट देऊ करा.

फोन चार्जिंगला लावून आंघोळीला जाणं, चोरीची सगळ्यात सोपी संधी हीच. पॉवर बँक चार्ज करायला ठेवा, फोन जवळ.

आग लागली तर? याचा विचार कोणी करतं का?

करायला हवा. ऑस्ट्रेलियातल्या चिल्डर्स गावात जून २००० मध्ये एका बॅकपॅकर हॉस्टेलला आग लावली गेली आणि १५ तरुण प्रवासी मेले. इमारतीत धुराची सूचना देणारी चालू यंत्रणा नव्हती. त्यानंतर क्वीन्सलँड राज्याने स्वस्त निवासाच्या इमारतींसाठी आगीचे नियम कडक केले.

तुमच्या हातात दोन मिनिटांचं काम आहे. खोलीत शिरल्यावर छताकडे बघा, धूर ओळखणारं यंत्र आहे का. मग बाहेरचा जिना शोधा आणि खोलीच्या दारापासून तिथपर्यंत किती दारं लागतात ते मोजा, कारण धुरात दिसत नाही, हाताने चाचपडावं लागतं. खिडकीला न उघडणारे गज असतील, किंवा सुटकेच्या दारासमोर पलंग वा सामान टाकलेलं असेल, तर खोली बदलून मागा. नाही मिळाली तर हॉस्टेल बदला. इथे पैशाचा विचार करू नका.

ढेकूण आहेत की नाहीत, कसं ओळखायचं?

सॅक बेडवर टाकण्याआधी. ती बाथरूमच्या फरशीवर किंवा टाइल्सवर ठेवा आणि फोनचा टॉर्च लावा. चादर डोक्याच्या बाजूने उचला, गादीच्या कडेला शिवण असते, ती दोन बोटांनी फाकवत कोपऱ्यापर्यंत जा. पूर्ण वाढलेला ढेकूण चार-पाच मिलिमीटरचा, चपटा, तांबूस तपकिरी, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पण तो दिसण्याआधी खुणा दिसतात: शाईचा बारीक थेंब कापडात पसरावा तसे काळे ठिपके, फिकट पिवळट सालं, चादरीवर वाळलेल्या रक्ताचे छोटे डाग. लाकडी बंक असेल तर फळ्यांचे सांधे आणि स्क्रूची भोकंही बघा.

काही दिसलं तर फोटो काढा आणि वेगळी खोली मागा, शक्यतो लगतची किंवा बरोबर वरची-खालची नको. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्याने धुवा आणि जमल्यास ड्रायरमध्ये चांगल्या गरम हवेवर फिरवा. उष्णतेपुढे ढेकूण आणि त्यांची अंडी टिकत नाहीत. पुष्कळ हॉस्टेलं स्वतःची स्लीपिंग बॅग वापरू देत नाहीत, त्याचं कारण हेच. तो नियम वाचून वैतागू नका, तो असणं चांगलं लक्षण आहे.

डॉर्ममध्ये झोप लागते का?

तयारीने गेलात तर लागते. इअरप्लग आणि डोळ्यांवरची पट्टी हे सामान पासपोर्टइतकंच आवश्यक धरा. भिंतीकडचा, दारापासून आणि बाथरूमपासून लांबचा बेड मागा.

आपल्यामुळे दुसऱ्याची मोडू नये, हेही बघावं. पहाटे निघायचं असेल तर सॅक आदल्या रात्री भरून ठेवा. अंधारात चुरचुरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा आवाज घोरण्यापेक्षा जास्त झोप मोडतो, सामान कापडी पिशव्यांत भरा. अलार्म कंपनावर, फोन उशीखाली. मोठा दिवा लावू नका.

पार्टी हॉस्टेल ओळखायचं कसं? आणि ओळखी मात्र हव्या असतील तर?

वर्णनात रोजचा ‘पब क्रॉल’ (एका रात्रीत एकामागून एक बारची फेरी), फोटोत दिवसापेक्षा रात्रच जास्त, तळमजल्यावर स्वतःचा बार. एवढं दिसलं की समजा. ते हवं असेल तर जरूर जा, फक्त झोपेची तक्रार करू नका. फुकटात वाटली जाणारी, कोणत्या बाटलीतून ओतली हे न दिसणारी दारू मात्र घेऊ नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या व्हांग व्हिएंग या प्रवाशांच्या आवडत्या गावात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलेल्या दारूमुळे ६ परदेशी पर्यटकांचा जीव गेला.

ओळखींसाठी दारू लागत नाही. मोठी, खऱ्याखुऱ्या टेबलांची कॉमन रूम, सगळ्यांना पुरेसं स्वयंपाकघर आणि सकाळची पायी टूर असलेलं हॉस्टेल बघा. ‘मोफत’ पायी टूरमध्ये शेवटी गाइडला आपल्या मर्जीने पैसे द्यायचे असतात, ते मनात धरून जा.

लॅपटॉपवर काम करायचं असेल तर?

टेबल-खुर्चीचा फोटो दिसला तरच घ्या. ‘मोफत वायफाय’ सगळेच लिहितात, ते खोलीत पोहोचतं की नाही हे रिव्ह्यूंमध्ये शोधा. रोज व्हिडिओ कॉल असतील तर डॉर्म नको.

पोहोचल्यावर जागा वाईट निघाली तर?

सामान उघडण्याआधी फोटो काढा आणि रिसेप्शनवर जाऊन नेमकं सांगा: काय चुकलंय आणि तुम्हाला काय हवंय. ‘गादीवर डाग आहेत, दुसरा बेड द्या’ यावर लगेच हालचाल होते, ‘खूप घाण आहे’ यावर नुसती माफी मिळते. त्यांनी ऐकलं नाही तर बुकिंग साइटला तिथूनच, हॉस्टेल सोडण्याआधी कळवा. न सांगता निघून गेलात तर पैसे परत मागण्याचा मुद्दा कमकुवत होतो.

यासाठी घरून निघतानाच त्याच भागातल्या दुसऱ्या एका हॉस्टेलचं नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवा, ज्याचं रिसेप्शन रात्रभर उघडं असतं असं. नंबर फोनमध्ये आणि कागदावरही, कारण ज्या रात्री त्याची गरज पडते, त्या रात्री फोनची बॅटरी बहुधा संपलेली असते.